डावीकडची खालची दाढ

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण ते काही खरं नाही. माझी डावीकडची खालची दाढ, अगदी शेवटची नव्हे, तिच्या अलीकडची, बरेच दिवस मला छळते आहे. दुकानात रफूला बसलं की मान खाली घालावी लागते, आणि मान खाली गेली की दाढेत घण पडायला लागतात. परवा एका कोटाच्या बाहीवरचं सिगारेटचं भोक बुजवत होते. एरवी तासाभराचं काम, पण सुई खाली ठेवून कितीदा उठले ते मलाच ठाऊक. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणून वेळ मारून नेली.

तू म्हणशील, घरात दातांचा डॉक्टर बसलाय आणि ही बया मला कसली पत्रं लिहिते आहे. तेच तर सांगायचंय. मी त्याला सांगितलेलं नाही. उजव्या बाजूने चावते, आणि जेवताना तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला की दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सुरू करते. गेल्या आठवड्यात इतकं बोलले की त्यानेच विचारलं, आई, आज तुला झालंय काय.

तुला आठवतं का, तो सात वर्षांचा असताना मशीनची सुई माझ्या बोटात मोडली होती. माझा एकच हात मोकळा, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून चिमट्याने तुकडा त्यानेच ओढून काढला. रक्त माझं, पण नंतर संध्याकाळभर स्वतःचा हात पोटाशी धरून बसला तो. जेवलाही नाही. आता दाढ काढताना मी ओरडले, तर पुन्हा कुणाच्या तोंडात हात घालायची त्याला हिंमत होईल का? दवाखाना उघडून वर्षही झालेलं नाही त्याला. आणि खरं सांगायचं तर दाढ काढून घ्यायची मला भीतीही वाटते, ती वेगळीच.

म्हणून ठरवलंय की त्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे जायचं, ज्यांच्या हाताखाली तो सकाळी काम करतो. गुरुवारी तो शाळांमधल्या मुलांचे दात तपासायला जातो, तेव्हा तिथे नसतो. बाईंना विनवणी करीन की त्याला कळू देऊ नका. हे फोनवर बोलता येत नाही, कारण फोन बैठकीत आहे आणि तो शेजारीच असतो. शिवाय पोरांना पोहायला शिकवून शिकवून तुझ्या कानांत कायम तलावाचं पाणी, मला ओरडून बोलावं लागेल. त्याला यातलं अक्षरही कळवू नकोस.

वहिनीला नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे, बाकी मला काही नको.

तुझी,
धाकटी


५ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, माफ करा. दवाखाना कसा चाललाय असं तुम्ही विचारलं होतं. आईला मी छान म्हणून सांगतो. तुम्हाला खरं सांगतो, पण ते तुमच्यापाशीच राहू द्या.

मागच्या महिन्यात एक सुतारकाम करणारे गृहस्थ दाढ काढायला आले. चांगले धिप्पाड. सूज होती, तेव्हा आधी औषध देऊन थांबायला हवं होतं. पण त्यांना दुखणं सहन होईना आणि मलाही नाही म्हणवेना. दोन इंजेक्शनं देऊनही जबडा नीट बधिर झाला नाही. मी दाढेला हात लावल्याबरोबर ते असे ओरडले की जिन्याखालच्या वह्या-पेनांच्या दुकानातली माणसं वर आली. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. शेवटी त्यांना रिक्षात घालून बाईंकडे नेलं. पुढचं सगळं बाईंनी निस्तरलं.

तेव्हापासून मी दात भरतो, साफ करतो, पण काढायचा म्हटला की काहीतरी कारण सांगून बाईंकडे पाठवतो. चिमटा हातात घेतला की हात थरथरतो. कुणाच्या लक्षात येण्याइतका नाही, पण मला कळतं ना. आईने रात्रंदिवस दुसऱ्यांचे कपडे शिवून मला इथवर आणलं, आणि मी असा. तिला हे कळलं तर ती मला काही बोलणार नाही, गुपचूप स्वतःला दोष देईल. म्हणून तुम्हाला लिहिलं.

मामीला नमस्कार. तुमच्या आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

आपला,
भाचा


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचून आधी हसलो आणि मग तुझ्या वहिनीने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. ती म्हणते, दाढ दुखणाऱ्या माणसाला हसणाऱ्याची दाढ दुखायला हवी.

इथे तलावावर नवी बॅच सुरू झालीय. एक बँकेतले साहेब आहेत, कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहून दांडी घट्ट धरतात आणि मला म्हणतात, मास्तर, मी आज फक्त बघतो. तसलाच तुझा प्रकार दिसतो. पण साहेबांची दांडी निदान पक्की आहे, तू मुकाट दुखणं धरून बसली आहेस.

माझं ऐकशील तर पोराला सांगून टाक. त्याच्याकडून काढून घे असं मी म्हणत नाही, पण कळू तर दे. तुझ्या दाढेपेक्षा तुझ्या लपवण्याचा त्याला जास्त त्रास होईल. असं मला का वाटतं ते विचारू नकोस. तू सांगितलंस म्हणून मी त्याला काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. पण दोन्ही हातांत काहीतरी धरून माणसाला पोहता येत नाही, एवढंच लिहून ठेवतो.

गरम पाण्याच्या पिशवीने गाल शेकू नकोस, सूज वाढते, असं वहिनी सांगते. जीव सांभाळ, आम्हाला तुझ्यावाचून दुसरी धाकटी नाही.

तुझा,
दादा


१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच मी दिवे लावून बसले होते. काय झालं ते लिहिते. तू हस, मला अजून हसू येत नाही.

काल सकाळी ओढणी गालावरून घट्ट गुंडाळून बाईंच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने नाव विचारलं, तर माहेरचं नाव आणि आपलं आडनाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते तोंडातून निघालं. बाकावर माझ्या एका बाजूला पाय सुजलेले आजोबा आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक वाचणारी मुलगी. भिंतीवर जबड्याचं मोठं चित्र आहे, ते माझ्या बरोब्बर समोर. मी फरशीकडे बघत बसले.

आतलं दार उघडलं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. नाव माझंच, पण आवाज माझ्या मुलाचा. शाळेतली तपासणी त्या दिवशी रद्द झाली होती, हे मला कुठून माहीत असणार? तो हातात कागद धरून उभा. त्याने पुन्हा एकदा ते नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. ओढणी गुंडाळून काय उपयोग, आईची चप्पल कुठलं मूल ओळखत नाही.

तो रागावला असता, हसला असता, तरी चाललं असतं. अगदी परक्या पेशंटशी बोलतात तसं, या, आत बसा, म्हणाला. दादा, मला त्याने "बसा" म्हटलं. बाईंनी तपासलं, दाढेचा फोटो काढला. मुळाशी पू झालाय, आधी पाच दिवस गोळ्या, सूज उतरली की दाढ काढायची. तो सगळा वेळ दिवा धरून शेजारी उभा होता. बाई शहाण्या. काही समजल्याचं दाखवलं नाही, फक्त निघताना म्हणाल्या की दाढ कुठे काढायची ते घरी ठरवा.

बसमधून एकत्र आलो. जागा शेजारी शेजारी मिळाली. तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि मी पुढच्या माणसाच्या कॉलरकडे. कॉलर उसवली होती, तेवढंच काय ते आठवतंय. घरी आल्यावर त्याने गोळ्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवल्या, वर लिहिलं, आणि दवाखान्यात निघून गेला. बोलणं तेवढ्यापुरतंच चालू आहे. दाढ आता कमी दुखते. बाकीचं जास्त दुखतं.

काही सुचलं तर लिही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझी,
धाकटी


१३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आई दुसरं नाव सांगून बाईंच्या दवाखान्यात आली होती. तिने तुम्हाला लिहिलंच असेल. मी जास्त लिहीत नाही.

एवढंच की तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही माझ्याकडे आलो नसतो. तिला सुताराचं कुणी सांगितलं असेल का, असं आधी वाटलं. मग वाटलं, कुणी सांगायला कशाला हवं, आई आहे ती. माझ्या हातावर तिचा विश्वास नाही हे कळलं ते बरंच झालं. बाईंकडे पूर्णवेळ काम मागावं आणि दवाखान्याची वरची खोली सोडून द्यावी, असा विचार आहे. महिनाअखेरीला घरमालकांना सांगीन म्हणतो.

तिला गोळ्या लागू पडल्यात, सूज उतरते आहे. काळजी नसावी.

आपला,
भाचा


१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस आणि चि. डॉक्टरसाहेबांस,
दोघांना अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकाच पाकिटात आहे आणि दोघांनी एका जागी बसून वाचायचं आहे. वाचून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मी शिट्टी वाजवत नाही, पण वाजवली आहे असं समजा.

तुम्ही दोघं मला पत्रं लिहिता आणि दोघंही सांगता की दुसऱ्याला कळू देऊ नकोस. मी शब्द पाळला. आज तुम्हा दोघांचीही पत्रं एकाच टपालाने आली. ती वाचून एकीची वहिनी आणि दुसऱ्याची मामी मला म्हणाली की एका घरात दोन माणसं एकमेकांना जपता जपता गुदमरताहेत, आणि तुम्ही काठावर टॉवेल खांद्यावर टाकून शब्द पाळत उभे आहात. म्हणून आज दोघांनाही दिलेला शब्द मोडतो. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

धाकटे, तुझ्या पोराचा एक पेशंट मागच्या महिन्यात त्याच्या खुर्चीत फार ओरडला. तेव्हापासून दात काढायचा म्हटलं की याचा हात थरथरतो, आणि तुला कळू नये म्हणून तो रोज छान चाललंय म्हणून सांगतो.

डॉक्टरसाहेब, तुमच्या आईला तुमच्या हाताची भीती नाही. लहानपणी तिच्या बोटातली सुई काढून तुम्ही संध्याकाळभर उपाशी बसलात, ते ती विसरलेली नाही. आपण ओरडलो तर तुमचा धीर जाईल, म्हणून ती ओढणीत तोंड लपवून दुसरीकडे गेली. थोडी भीती दाढेचीही आहे, ती तिने स्वतः कबूल केली आहे.

आता दाढ कुणी काढायची ते मी सांगणार नाही. बाईंनी काढली तरी ती निघेलच. पण जे काही ठरवाल ते एकमेकांशी बोलून ठरवा, मला मधे घालू नका. मला रोज सकाळी पाण्यात उतरायचं असतं, दोन माणसांची गुपितं अंगावर घेऊन मी बुडेन.

दोघांवर सारखाच जीव असलेला,
दादा / मामा


२० फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आई मोठ्याने वाचत होती. सुताराच्या जागी आली आणि थांबली. मग पुढचं मी वाचलं, सुईपर्यंत, आणि मीही थांबलो. तुम्ही उठायचं नाही म्हणून लिहिलं होतं, म्हणून आम्ही दोघंही बसून राहिलो. मग आई म्हणाली की सुई काढताना मला दुखलंच नव्हतं रे, मला वाटलं तू हुशारीने काढलीस म्हणून तुला शाबासकी द्यावी, पण तू रडायला लागलास. तिला दुखलं नव्हतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी ती दवाखान्यात आली. मी तिला पुन्हा विचारलं, बाईंकडे जायचं का. ती म्हणाली की जिना चढून आलेय, आता उतरायला लावू नकोस. खुर्चीचं पायाकडचं अंग वर उचललं जात नाही, जुनी आहे, म्हणून तिच्या पायांखाली स्टूल ठेवलं. इंजेक्शन दिल्यावर मी पूर्ण वेळ थांबलो. ओठ जड झाला, जीभ अर्धी गेल्यासारखी वाटते, असं तिने सांगितलं, तरी आणखी थांबलो. हिरडीला टोचून विचारलं, दुखतं का. नाही म्हणाली. तिच्यावर विश्वास नव्हता, म्हणून तिच्या हाताकडे बघितलं. हात सैल होता.

मामा, चिमटा घेतला तेव्हा हात थरथरत होता. ते तिला दिसलंही. तिने डोळे मिटून घेतले. दाढ हलायला लागली, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मग मला नको होता तो आवाज आला. दाढ बाहेर आली, पण मागच्या मुळाचं टोक तुटून आत राहिलं.

त्या क्षणी बाईंना फोन करावा असं फार वाटलं. पण लपवायचं नाही असं ठरलं होतं ना आमचं. मी म्हणालो, "आई, मुळाचं टोक मोडलंय, आत राहिलंय. बाईंना बोलावू, की मी काढू?"

तिला बोलता येत नव्हतं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड होतं त्यापेक्षा जास्त उघडलं.

त्यानंतर हात थरथरला की नाही ते मला आठवत नाही. दिवा थोडा सरकवला, रक्त टिपलं, टोक दिसलं, हळूहळू सैल करून काढलं. गव्हाच्या दाण्याएवढं होतं. एक टाका घातला, बोळा चावून धरायला दिला. तिने उठल्याबरोबर ओढणीने माझं कपाळ पुसलं. तिच्या तोंडात बोळा होता म्हणून, नाहीतर काहीतरी बोललीच असती, आणि मग मला आवरलं नसतं.

गाल फुगलाय, पण ताप नाही. बर्फाने शेकते, थंड दही आणि मऊ भात खाते. घरमालकांना मी काही सांगणार नाही, ते राहू दे.

मामीला माझा वेगळा नमस्कार. टॉवेल टाकून पाण्यात उतरलात, ते कधी विसरणार नाही.

आपला,
भाचा


३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी पुन्हा कामावर जाऊ लागले. मान खाली घातली तरी काही होत नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून वहिनी घाबरणार नाही.

दाढ काढल्यावर दोन दिवस मजेत गेले. मला वाटलं, झालं, सुटले. तिसऱ्या दिवशी सकाळी कानापर्यंत अशी कळ गेली की दाढ होती तेव्हा बरी होती असं म्हणायची वेळ आली. पोराचा चेहरा उतरला. आपलंच काहीतरी चुकलं, तुकडा राहिला असेल, असं पुटपुटत मला दवाखान्यात घेऊन गेला. आत बघितलं आणि विचारलं, आई, तू गुळणी केलीस का?

केली होती. त्याने बजावून सांगितलं होतं की दुसऱ्या दिवसापर्यंत चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम प्यायचं नाही. पण तोंडाला रक्ताची चव, ती काही मला सहन होईना. तो दवाखान्यात गेल्यावर मी खळखळून चूळ भरली आणि वर कपभर कढत चहाही प्यायले. जखमेवर रक्ताची जी गुठळी धरते ती त्याने निघून जाते आणि आतलं हाड उघडं पडतं, म्हणून ती कळ. हे सगळं तो मला शांतपणे सांगत होता. आणि मग रागावला.

दादा, तो मला असा कधी रागावला नव्हता. कागदावर लिहून दिलं होतं ते कशासाठी, तुझ्या दुकानात कुणी धुऊ नका सांगितलेला कपडा धुतला तर तू काय करशील, मी काय गंमत म्हणून सांगतो का. बाहेर बाकावर दोन माणसं बसली होती, त्यांनी सगळं ऐकलं. मी मान खाली घालून चुकलं म्हटलं. आतून मात्र मला इतकं हलकं वाटत होतं. माझं दुखणं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. चूक माझी होती, ती त्याने सरळ माझ्या पदरात टाकली.

मग जखम धुऊन त्यात लवंगेच्या तेलात भिजवलेली बारीक पट्टी ठेवली. कळ थांबली. आधी रोज आणि मग एक दिवसाआड पट्टी बदलायला जात होते. दुकानातून सुटले की जिना चढायचा, बाकावर बसायचं. परवा बाकावर माझ्या आधी तिघं होते. मला जागा द्यायला एकजण उठला, तर हा आतूनच म्हणाला की त्या नंबराने येतील.

खुर्चीत बसले की तो एका हाताने माझी हनुवटी धरतो आणि वाकून आत बघतो. तोंड उघडं, त्यामुळे मला बोलता येत नाही, आणि बघायला समोर त्याच्या तोंडाशिवाय दुसरं काही नसतं. त्याचा चेहरा इतक्या जवळून मी तो अंगावर पीत होता तेव्हाच बघितला असेल. डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. काम करताना तो खालचा ओठ दातात धरतो. श्वास अगदी संथ असतो. घरात आम्ही रोज समोरासमोर जेवतो, पण हे मला दिसलं नव्हतं.

काल त्याने पट्टी काढली आणि नवी घातली नाही. बोटाने हिरडी दाबून बघितली, हात धुतले आणि म्हणाला की जखम भरली, आता यायची गरज नाही. मी बरं म्हटलं. पर्स घेतली, चपला घातल्या. दारात एक बाई लेकराचा हात धरून उभी होती, मूल आत यायला तयार नव्हतं. मी बाजूला झाले, त्यांना आत जाऊ दिलं, आणि थोडा वेळ जिन्यातच उभी राहिले. मूल रडायचं थांबल्यावर उतरले.

वहिनीला सांग की दाढेची जागा अजून मोकळी वाटते, जीभ सारखी तिकडे जाते, पण दुखत नाही. तुम्ही दोघांनी जीव लावलात, तो असाच लावत राहा.

तुझी,
धाकटी